राग तपासणारे अण्णा

‘आज कितीजणांस मारलीस?’

संध्याकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले की जिन्याखालच्या खुर्चीतून अण्णा मोहिते मला हे विचारायचे. आवाज अगदी साधा, आज भाजी कसली केलीस असं विचारावं तसा. मी तोंडाला येईल तो आकडा सांगायची. ते चष्म्यावरून माझा चेहरा नीट न्याहाळायचे आणि पुढचा प्रश्न टाकायचे, ‘आता राग आलाय?’ नाही म्हटलं की ‘सरी, सरी’, म्हणजे ठीक ठीक, म्हणत पुन्हा पेपरात डोकं खुपसायचे. घरमालकाने भाडेकरणीला विचारावेत असे हे प्रश्न नव्हेत. पहिले काही दिवस मी हसण्यावारी नेलं, मग मात्र मला या म्हाताऱ्याचा संशय यायला लागला.

मी पुण्याची. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली आणि सर्जापूर रोडच्या एका गल्लीत अण्णांच्या घराची वरची खोली मिळाली. दोन्ही बाजूंना उंच अपार्टमेंट्स आणि मधे अण्णांचं ते बुटकं दुमजली घर, गर्दीत अंग चोरून उभं राहिल्यासारखं. दारावर मराठी आडनाव बघून मी आनंदाने मराठीत बोलायला लागले, तर पलीकडून जे मराठी आलं त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. अण्णांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. ‘तू बसनं आलीस, आम्ही घोड्यावरून आलो,’ असं ते ऐटीत सांगायचे, जणू घोडा अजून मागच्या दारी बांधलेला आहे. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि कन्नड अशी काही मिसळून गेली होती की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जन्मभर त्यांनी एका सरकारी कारखान्यात माल तपासण्याचं काम केलं होतं. यंत्रातून निघालेला प्रत्येक भाग मापाला लावून बघायचा आणि बसला नाही तर बाजूला टाकायचा. निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नाही. दुधाची पिशवी तळहातावर तोलून बघायचे. नारळ कानाशी हलवायचे, नवीन बादली बोटाच्या पेराने वाजवायचे. कुरियरवाला आला की आधी त्याचं नाव, मग गाव, मग पार्सल. ‘संशय म्हणजे बिनपगारी वॉचमन, पुण्याची,’ ते मला म्हणायचे. माझं नाव मुक्ता आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण त्या नावाचीही त्यांनी कधी पूर्ण खात्री करून घेतली नसावी.

आमची खरी ओळख झाली ती एका शब्दावरून. ऑफिसातून आले की तासभर मी लॅपटॉपवर गोळीबाराचा एक गेम खेळायची, कानाला हेडफोन लावून, चार-पाच अनोळखी लोकांच्या टोळीत. टोळी इथलीच, त्यामुळे कन्नड बोलणारी. पहिल्याच आठवड्यात समोरून शत्रू आला आणि सगळे एका सुरात माझ्या कानात ओरडायला लागले, ‘होडी! होडी!’ गेममध्ये शेजारी नदी होती. मी बिचारी पुण्याची पोर बंदूक पाठीला लावून किनाऱ्याकडे धावत सुटले आणि होडी शोधता शोधता मेले. त्या तिरमिरीत मी हेडफोन काढून खिडकीतून मोठ्यांदा म्हटलं, ‘अरे, कुठाय ती होडी?’

खालून अण्णांचा आवाज आला, ‘होडी म्हणजे मार ग! मार म्हणून सांगतायत ते!’

म्हणजे हे गृहस्थ खाली बसून माझा शब्दन् शब्द ऐकत होते. मी मान बाहेर काढली, तर अण्णा मान वर करून बघतच होते. ‘कुणाला मारायचं आहे?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं की खोटी माणसं आहेत, गेम आहे. ‘हौदा? हो का?’ ते म्हणाले. ‘पोरी पण खेळतात हे?’ मी म्हटलं, भरपूर खेळतात. दुसऱ्या दिवसापासून तो प्रश्न सुरू झाला.

प्रश्नावर भागलं असतं तर ठीक होतं. पण मी ऐन रंगात खेळत असताना नळाचं पाणी जायला लागलं. खाली गेले की अण्णा व्हॉल्वपाशी उभे, हात पाठीमागे. ‘पाणी गेलं?’ विचारून माझ्याकडे टक लावून बघायचे आणि मग व्हॉल्व सोडायचे. एकदा ताटलीत दोन इडल्या आणि वर चटणीपूड पाठवली. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. ताटली परत द्यायला गेले, तर म्हणाले, ‘तिखट झालं ना? आता मला वाढ. तुझ्या हातानं, पाहिजे तेवढं.’ मी चिमूटभर पूड वाढली. त्यांनी त्या चिमटीकडे असं बघितलं की जणू मी त्यांचा अपमान केला. ‘एवढंच?’ ते म्हणाले. ‘खेळून आलीस ना?’

मी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. आई म्हणाली, ‘लक्षण काही ठीक नाही. एकटा माणूस, वर तू एकटी. घर बदल.’ मलाही तसंच वाटत होतं. वाटलं, याला मी नकोशी झाले आहे. मुलीच्या जातीने मारामाऱ्या खेळाव्यात हे याच्या डोळ्यात सलतंय आणि हा पुरावा गोळा करतोय. उद्या म्हणेल, बघा, ही पोर तापट आहे, हिला काढा. मग मीही हट्टाला पेटले. कितीही डिवचलं तरी चिडायचं नाही असं ठरवलं आणि त्यांच्यासमोर साखर पेरत हसायला लागले. त्या हसण्याने अण्णा आणखीच खचल्यासारखे दिसायचे. त्याचा अर्थ मला लावता येत नव्हता.

एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावून कॉफी दिली. ‘तुम्ही शिकलेली माणसं,’ त्यांनी सुरुवात केली. ‘मला खरं सांग. हे खेळून पोरींना राग येतो का? म्हणजे खरा राग. बाहेरचा.’

मला तोंड फुटलं. मी म्हटलं, अण्णा, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडताहेत. कुणी म्हणतं राग वाढतो, कुणी म्हणतं काही होत नाही. बहुतेक वेळा बोलतात ते मुलांबद्दल, मुलींना कुणी फारसं विचारतसुद्धा नाही. माझं विचाराल तर मी कॉलेजपासून खेळते आहे आणि आजवर मुंगीसुद्धा मारलेली नाही. तुम्ही पाणी तोडलंत, तोंड भाजवलंत, मी चिडले का? मग?

‘बायकांना राग येतो का म्हणून कुणी बघितलंच नाही?’ अण्णांनी विचारलं. बाकी माझं भाषण त्यांनी सोडूनच दिलं होतं.

त्याच दुपारी सुमीअक्का आली. सुमित्रा ही अण्णांची एकुलती एक मुलगी. होसकोट्याला दिलेली, नवरा तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर. रविवारी ती बापासाठी डब्यात सारू-भात घेऊन यायची आणि ऊन उतरायच्या आत परतायची. बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागे. अण्णांनी तिला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, ‘हिला शिकव तो गेम.’

मी चक्रावले. आत्तापर्यंत मला वाटत होतं त्यांना गेमचं वावडं आहे. पण शिकवलं. माझ्या लॅपटॉपवर जमेना, म्हणून तिच्या मोबाईलवर त्यातला सोपा गेम घालून दिला. सुमीअक्कासारखा खेळाडू मी जन्मात पाहिला नव्हता. शत्रू समोर आला की ती भिंतीआड बसायची. चुकून गोळी लागली तर ‘अय्यो, सॉरी हं’ म्हणायची, तेही मनापासून. सगळी टोळी लढत असायची आणि ही घराघरांत फिरून औषधाच्या पेट्या गोळा करून जखमींना देत सुटायची. दारात उभे राहून अण्णा हे बघत. त्यांची तगमग व्हायची. ‘होडी ना ग, सुमी! औषध काय देतेस? होडी!’

‘त्याला लागेल ना अण्णा,’ ती म्हणायची.

ती खेळताना हातात मोबाईल आडवा धरायची आणि बांगड्या मागे सरकायच्या. एका रविवारी मला तिच्या मनगटावर चार बोटांचे वळ दिसले, काळेनिळे. तिने बांगड्या पुढे ओढल्या. मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझी मेलीची अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

ती गेल्यावर मी विचारलं. अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी लपवलं नाही.

‘पहिल्या वर्षी सांगितली मला,’ ते म्हणाले. ‘मी काय सांगितलो तिला? स्वल्प अडजस्ट कर. लहानपणापासून तेच सांगितलो. बसमध्ये जागा नाही, स्वल्प अडजस्ट. आईचं औषध आणायचं, फ्रॉक पुढच्या वर्षी, स्वल्प अडजस्ट. पोरगी एवढी अडजस्ट झाली की आता नवरा मारला तरी आवाज नाही. कारखान्यात एवढा एवढा खिळा मी मापाला लावून बघायचो. जावई तेवढा न बघता पास केलो. माझ्या अक्कानं आणलेलं स्थळ, घरातला माल, काय बघायचं म्हणून.’ ते थांबले. ‘मग तू आलीस. वर बसून मारा मारा म्हणून ओरडायला लागलीस. मला वाटलं, ह्या मशीनमध्ये काही असेल. पोरीत राग भरणारं. मी घालवलो, ते कुणी परत घालेल.’

महिनोन् महिने मी जिला पाळत समजत होते ती आशा होती. माझा संयम बघून हा माणूस रोज थोडा थोडा निराश होत होता. मला रडू आलं आणि थोडा रागही आला, त्याच्यावर आणि त्या होसकोट्याच्या जावयावर. मी म्हटलं, ‘अण्णा, राग आला तरी ती जाणार कुठे? रागावून उभं राहायला पायाखाली जागा लागते.’ ते कॉफीचा कप धुवायला आत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

चारच दिवसांनी त्यांनी मला घर खाली करायला सांगितलं.

मी ऑफिसातून दमून आले होते आणि जिन्यातच त्यांनी गाठलं. पुढच्या रविवारपर्यंत खोली मोकळी पाहिजे. त्यांच्या जुन्या सोबत्याच्या घरात माझ्यासाठी खोली बघून ठेवली आहे, चांगली आहे, त्यांनी स्वतः तपासलीय. माझा तोल सुटला. गुपित सांगून बसला, आता साक्षीदार नको म्हणून हा मला घालवतोय, असंच माझ्या मनात आलं. त्या जिन्यात मी एवढा आवाज चढवला की शेजारच्या अपार्टमेंटमधल्या बाल्कन्यांत माणसं आली. पाणी तोडलं ते काढलं, चटणीपूड काढली, वर भेकडही म्हटलं. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी डोकं वर केलं.

‘आज खेळलीस?’

‘नाही!’

‘मग हा राग कुठून आला?’

एवढं विचारून ते पायरीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, ‘खोली सुमीला पाहिजे. खाली माझ्याजवळ राहिली तर चार दिवस माहेरी आलीय म्हणतील आणि उद्या घेऊन जातील. तिला तिचं स्वतःचं दार पाहिजे. आतून कडी लागणारं. तूच सांगितलीस ना, पायाखाली जागा म्हणून?’

रविवारी सकाळी मी खोकी बांधत होते. टेम्पो यायचा होता. त्याआधी रिक्षातून सुमीअक्का उतरली, एक बॅग आणि एक पिशवी घेऊन, आणि तिच्या मागोमाग बाईकवरून तिचा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ. अण्णांनी फाटक उघडलं, पण स्वतः मधे उभे राहिले. मी वरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले.

नवऱ्याचं मनगट रुमालाने बांधलेलं होतं. भाऊच बोलला. ‘मामा, हे बघा तुमच्या पोरीचे प्रताप. काल नवऱ्याच्या अंगावर आली. हात पिरगाळला त्याचा. आधी असं कधी होतं का? बारा वर्षं गाईसारखी नांदली. मोबाईलवर तो ठो ठो गेम आला आणि डोकं फिरलं तिचं.’

‘पिरगाळला नाही,’ सुमीअक्का म्हणाली. ‘त्यांनी उचलला. मी धरला. सोडला नाही, एवढंच.’

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण त्या दिवशी कान द्यावा लागला नाही.

भाऊ समजुतीच्या सुरात आला. तो काही वाईट माणूस नव्हता, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली. ‘जाऊ दे मामा. तिची चूक नाही, गेमची आहे. मोबाईल आम्ही काढून घेतो. महिन्याभरात पूर्वीसारखी होईल. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. स्वल्प अडजस्ट करा.’

अण्णांचा चेहरा पडला. आपलीच जन्माची शिकवण समोरच्याच्या तोंडून ऐकताना माणसाचं काय होतं, ते मी तेव्हा बघितलं. सोप्यात सोपा रस्ता त्यांच्या पुढ्यात ठेवलेला होता. सगळा दोष त्या मोबाईलवर ढकलला की जावई सुटला, पोरगी सुटली, बापही सुटला. आणि संध्याकाळी सुमीअक्का होसकोट्याला.

ते माझ्याकडे वळले. ‘पुण्याची, तू ह्यातली आहेस. तूच शिकवलीस तिला. सांग. गेममुळं झालं हे?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवरा तर मान डोलवून मला हो म्हणायला सुचवतच होता. मला आठवत होती ती भिंतीआड बसलेली, औषधाच्या पेट्या वाटणारी, गोळी लागलेल्या खोट्या माणसाची माफी मागणारी बाई.

‘नाही अण्णा,’ मी म्हटलं. ‘गेमचा काही संबंध नाही.’

‘ऐकलंत?’ अण्णा त्या दोघांना म्हणाले. ‘मग मोबाईल काढून काय होणार? पाहिजे तर मोबाईल न्या. सुमी इथं राहणार.’ आणि त्यांनी खरोखरच तिच्या हातातला मोबाईल घेऊन जावयापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. बराच वेळ वाद झाला, आवाज चढले, नातेवाइकांना फोन लागले. अण्णा दुसरं काहीच बोलले नाहीत, फाटकातून हललेही नाहीत. शेवटी बाईक सुरू झाली आणि ते दोघे गेले.

तोवर माझा टेम्पो येऊन थांबला होता. खोकी चढवून झाली. सुमीअक्का वर गेली होती, खिडक्या उघडल्याचा आवाज येत होता. मी अण्णांच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. माझा दंड धरून मला टेम्पोच्या आडोशाला नेलं आणि खालच्या आवाजात विचारलं, ‘खरं सांगितलीस ना मघाशी? का तिच्यासाठी म्हणून खोटं बोललीस?’

त्या क्षणीसुद्धा हा माणूस तपासून घेत होता. मला हसू येणार होतं, पण त्यांनी माझा दंड सोडला नव्हता.

‘खरं सांगितलं, अण्णा. गेममधून काही आलेलं नाही.’

‘म्हणजे हा राग तिचाच आहे,’ अण्णा म्हणाले. ‘मी एवढं करूनसुद्धा राहिलाय.’ आणि मला तसंच टेम्पोपाशी सोडून, चष्मा काढून डोळे पुसत ते घाईघाईने जिना चढायला लागले.